दिव्यावर शिक्का कोण मारणार?

उमेदवारी अर्ज भरायच्या आदल्या दिवशी माझी आई ब्लाउज शिवत बसली होती, आणि तोही कोणाचा, तर तिच्याविरुद्ध उभ्या राहणाऱ्या बाईंचा. मी ऑफिसातून आले, चप्पल काढता काढता ते पाहिलं आणि माझं डोकंच फिरलं.

"आई, उद्या त्या हाच घालून अर्ज भरायला जातील!"

"म्हणून तर आजच द्यायला हवा," आई मशीन न थांबवता म्हणाली. "बाह्यांचं स्वल्प काम राहिलंय. तू कॉफी टाक."

मी कॉफी टाकली, पण भांडी आपटत टाकली. माझा स्वभावच तसा आहे. आईचा नव्हता, आणि निवडणूक तिनं लढवली हे गावाच्या दृष्टीनं बरंच झालं.

आमचं गाव बेंगळूरजवळच्या आनेकलच्या अलीकडे. आमची माणसं कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे येऊन राहिलेली. घरात मराठी, उंबरा ओलांडला की कन्नड, आणि दोन्हींची खिचडी तर दिवसभर चालूच. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. ते कारखान्यात कामाला होते. आई घरी बायकांचे ब्लाउज आणि मुलींचे परकर शिवायची, त्यामुळे आठ-दहा गावांतल्या बायकांची मापं तिच्या वहीत होती. सगळ्या तिला अक्का म्हणायच्या. मी रोज बसनं बेंगळूरला जाऊन एका ऑफिसात टाइपिंग करायचे, आणि आपण शहरात नोकरी करतो याचा मला जरा जास्तच तोरा होता.

नव्वदच्या दशकात जिल्हा पंचायतीतल्या काही जागा बायकांसाठी राखीव झाल्या आणि आमच्या भागाची जागा त्यांत आली. तोवर ती जागा एका दगडखाणीच्या मालकाकडे होती. त्यानं डोळ्याची पापणी न हलवता आपल्या बायकोला उभं केलं. पोस्टरवर त्याचा फोटो मोठा, हात जोडलेला, आणि खाली कोपऱ्यात ती, बसच्या पासावर असते तेवढी. बाई बिचारी स्वभावानं चांगली होती. पण ती निवडून आली तर खुर्चीत कोण बसणार, हे लहान पोरांनाही कळत होतं.

आईला खुर्चीचं काही पडलेलं नव्हतं. तिला हवी होती आठवी. गावातली शाळा सातवीला संपायची. पुढचं हायस्कूल खाणीच्या पलीकडे, दगडांच्या लॉऱ्या धडधडत जायच्या त्या रस्त्यानं तासभर चालत. मुलगे जायचे. मुलींचं दप्तर सातवीच्या निकालाच्या दिवशी खुंटीला लागायचं आणि त्या शेवंतीच्या मळ्यात फुलं तोडायला जायच्या. आईचं दप्तरही असंच सातवीनंतर लागलं होतं. मी शिकले, कारण शहरात माझी मावशी होती आणि तिच्या घरी राहायला मला जागा होती.

"तुला मावशी होती," आई एकदा मला म्हणाली. "बाकीच्यांना कोण आहे?"

शेजारच्या घरात याचं उत्तर समोरच दिसत होतं. आमची शेजारीण मळ्यात फुलं तोडायची. तिची धाकटी त्या वर्षी सातवीत होती, हुशार होती, आणि वर्ष संपलं की तीही मळ्यात जाणार हे ठरलेलं होतं. आठवीचा वर्ग मागायला खाणवाल्याकडे लोक दोनदा गेले होते. हायस्कूल आहे की, चालायला काय झालं, असं म्हणून त्यानं त्यांना परत पाठवलं. तेव्हा आईनं अर्ज भरला.

अपक्षांना चिन्हं वाटायची होती. आईनं अर्थातच शिलाई मशीन मागितलं. ते मिळालं दुसऱ्या एका अपक्ष बाईंना, ज्यांनी जन्मात सुईत दोरा ओवला नसेल. आईच्या वाट्याला कंदील आला. मी चिडले. बेंगळूरात ऑफिसांत कॉम्प्युटर आले, आणि आमच्या नशिबी कंदील! अण्णा सहसा बोलत नसत, पण तेव्हा म्हणाले, "वाईट नाही. रोज संध्याकाळी प्रत्येक घरात आपला प्रचार होईल."

आणि झालंही तसंच. आमच्याकडे दिवा लागला की हात जोडतात. मग ती समई असो, कंदील असो, नाहीतर वीज गेल्यावर परत आलेला बल्ब असो. आई बरोबर दिवेलागणीला एकेका घरी जायची. बाईनं दिवा लावून हात जोडले की म्हणायची, "हीच माझी खूण गं." भाषण एवढंच. खाणवाल्याच्या जीपवर कर्णा होता आणि त्यातून दिवसभर त्याचंच नाव ऐकू यायचं.

मतदान आठवड्यावर आलं तेव्हा मी म्हटलं की बायकांची तालीम घ्यायला हवी, कारण अर्ध्याअधिक जणींना वाचता येत नव्हतं. आईनं पांढऱ्या अस्तराच्या कापडाचा मोठा तुकडा घेतला आणि खडूनं त्यावर मतपत्रिका आखली. चार आडव्या चौकटी, डावीकडे उमेदवाराचं नाव, उजवीकडे चिन्हाचं चित्र. आईची चौकट सगळ्यांत खाली. शिक्का म्हणून दोऱ्याचं रिकामं रीळ आणि शाईच्या जागी वाटीत कालवलेली नीळ. परसात दहा-बारा बायका जमल्या. पहिला मान शेजारणीला दिला.

तिनं रीळ निळीत बुडवलं, कंदिलाचं चित्र शोधलं, डावा हात त्याला लावून डोळ्यांना लावला, आणि शिक्का कंदिलाच्या पायाशी, चौकटीच्या बाहेर, मोकळ्या जागेत अलगद टेकवला.

"अगं, खाली नाही, वर! कंदिलावर मार," मी म्हणाले.

"अय्यो, बेडा, नको!" ती दचकलीच. "लावलेल्या दिव्याच्या तोंडावर शिक्का मारायचा? पाप लागेल."

"अगं, चित्र आहे ते!"

"देवाचंही चित्रच असतं," ती म्हणाली.

मी तिच्या हातून रीळ घेऊन पुढे केलं. दुसरी आली, तिनंही पायाशीच. तिसरीनंही. जशा सणाला दिव्याच्या पायाशी हळदकुंकू वाहतात, तशा त्या एकामागून एक येऊन चौकटीच्या बाहेर मत वाहून जात होत्या. कापडाच्या खालच्या काठाला निळ्या गोलांची रांग लागली आणि त्यातलं एकही मत मोजलं जाणार नव्हतं. मी आवाज चढवला. कायदा सांगितला, पुढच्या पिढीचं काय होणार ते सांगितलं. बायकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि चौथीनंही शिक्का पायाशीच टेकवला. त्या आम्हाला मत देणार होत्या, मनापासून देणार होत्या, आणि त्यामुळेच आम्ही हरणार होतो. मला रडू यायचं बाकी होतं.

आई मात्र कापडाकडे बघत होती. एखादा ब्लाउज अंगावर बसला नाही की ती अशीच बघायची. गिऱ्हाइकाचं अंग चुकलं असं ती कधी म्हणत नसे, कापड उसवायची. त्या दिवशी तिनं मला एवढंच विचारलं, "शिक्का चित्रावरच लागतो का गं? बाजूला चालत नाही?"

मला माहीत नव्हतं. शहरातल्या नोकरीचा तोरा तिथे कामाला आला नाही. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातल्या एका वयस्कर सहकाऱ्याला विचारलं. त्यांनी आधीच्या नोकरीत मतमोजणीचं काम केलं होतं. ते म्हणाले, "चौकटीच्या आत हवा. चिन्हावर, नावावर, कुठेही चालतो."

मी बसमधून उतरून घरापर्यंत जवळजवळ पळत आले. आईनं ऐकलं, मान डोलावली आणि संध्याकाळी सगळ्यांना परत बोलावलं.

"दिव्याला कोणी हात लावायचा नाही," ती म्हणाली. "दिव्याच्या ओळीत डावीकडे या. तिथे माझं नाव लिहिलंय. शिक्का माझ्या नावावर मारा."

"तुमच्यावर?" शेजारणीचा चेहरा पडला. "तुमच्यावर कसा मारू अक्का?"

"मी सोसते. जोरात मार."

बायका हसत सुटल्या. पण नाव ओळखणार कसं? तेव्हा आईनं नावाची मापं सांगितली, शिंपिणीला शोभतील अशी. पहिलं अक्षर काजाच्या बटणासारखं गोल, दुसऱ्याला खाली ब्लाउजचा हुक, तिसऱ्याच्या डोक्यावर झालर. एकेकीनं कापडावर बोट फिरवून पाहिलं. शेजारीण तर घरी जाताना हवेत बोट फिरवत गेली. मतदानापर्यंत आईनं ते कापड काखेत मारून जमतील तेवढी गावं पालथी घातली. रोज सकाळी ते दोरीवर वाळत असायचं. निळीचे डाग पुरते कधी निघालेच नाहीत.

मतमोजणी आनेकलच्या एका शाळेत होती. आईच्या बाजूनं टेबलाशी मी बसले होते. समोर खाणवाल्याचा पुतण्या, पेन कानावर, चेहऱ्यावर आधीच विजय. त्याची काकू मागच्या बाकावर बसली होती, आईनं शिवलेला तोच ब्लाउज घालून. तो तिला फार छान बसला होता, हे मला नाइलाजानं कबूल करावं लागतं.

सुरुवातीला आम्ही मागे होतो. मग एका लांबच्या गावचे गठ्ठे सुटले. तिथे आई कापड घेऊन पोचू शकली नव्हती. आणि मला दिसले ते शिक्के, कंदिलाच्या पायाशी, चौकटीबाहेर, कागदामागून कागद. अधिकारी प्रत्येक कागद उचलायचे, चष्मा वर करून बघायचे आणि बाद मतांत ठेवायचे. मागे वळून पाहिलं तर आई दारापाशी उभी होती आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. तिला मी इतकी घाबरलेली कधीच पाहिली नव्हती.

मग आमच्या बाजूच्या गावांचे गठ्ठे आले. पहिला कागद उघडला. शिक्का सणसणीत, बरोबर नावावर. दुसरा, नावावर. तिसरा, नावावर, आणि इतका जोरात की कागद मागून फुगला होता. पुतण्या खुर्चीवरून उठला.

"हे चालणार नाही! चिन्हावर शिक्काच नाही. सगळी बाद करा!"

मी बोलायला तोंड उघडलं, आणि नशीब की अधिकाऱ्यांनी मला हातानंच थांबवलं, नाहीतर मी काय बोलले असते देव जाणे. त्यांनी शांतपणे नियमांचं पुस्तक काढलं, पान शोधलं आणि मोठ्यानं वाचलं. चौकटीच्या आत असलेला शिक्का त्याच उमेदवाराचा. पुस्तक मिटून ते म्हणाले, "बसा. मत वैध आहे." आणि मग ते एकेक कागद आमच्या ढिगावर ठेवत गेले.

कंदिलावर शिक्का असलेलीही मतं होती, पण ढीग वाढवला तो नावावरच्या शिक्क्यांनी. परसात रीळ दाबलेले सगळे हात मला त्या कागदांवर दिसत होते. मी मोजायचं सोडून रडायलाच लागले. शेवटची बेरीज झाली तेव्हा फरक डोळे दिपवणारा नव्हता, पण आमच्या बाजूचा होता. आई निवडून आली. माझी आई, सातवी पास, ब्लाउज शिवणारी, खाणवाल्याला हरवून जिल्हा पंचायतीत निवडून आली! मी पुतण्याकडे बघून हसले. वाईट दिसलं असेल. मला अजूनही त्याचा पश्चात्ताप नाही. त्याची काकू मात्र उठून आईपाशी गेली आणि तिचे दोन्ही हात धरून हळूच काहीतरी म्हणाली. काय म्हणाली ते आईनं कधीच सांगितलं नाही.

आठवीचा वर्ग पुढच्या जूनमध्ये मंदिराच्या मंडपात सुरू झाला. त्यासाठी आईनं बेंगळूरच्या ऑफिसांत किती खेटे घातले आणि किती जणांना वात आणला, तो एक वेगळाच पराक्रम आहे. पण मला सांगायचं आहे ते निकालाच्या संध्याकाळचं.

दारात तमटे, म्हणजे आमच्याकडचे डफ, वाजत होते. अण्णा, कधी न बोलणारे अण्णा, येईल त्याला स्वतः कॉफी देत होते आणि प्रत्येकाला म्हणत होते, "जिंकली बरं का आमची." गळ्यात शेवंतीचे हार घेऊन आई ओसरीवर अवघडून बसली होती. वीज गेलेली होती ती आली, ओसरीवरचा बल्ब लागला आणि तमटे वाजवणाऱ्यांसकट सगळ्यांनी हात जोडले.

शेजारीण मळ्यातून थेट आली होती. हाताला अजून फुलांचा वास होता. तिनं आईच्या गळ्यात आणखी एक हार घातला आणि तिथेच घुटमळली.

"अक्का," ती म्हणाली, "तुमचं नाव मी आता झोपेतही ओळखेन. माझं कसं दिसतं?"

आईनं मला ते कापड आणायला सांगितलं. ओसरीवर पसरलं, हार मागे सारले, आणि खडूनं ठळक अक्षरांत शेजारणीचं नाव लिहिलं. ती गुडघ्यांवर बसली. मग तिनं अक्षरांवरून बोट फिरवलं, माझ्याकडून नीळ मागून घेतली, रीळ बुडवलं आणि आपल्या नावावर दोन्ही हातांनी दाबून शिक्का मारला.

"धाकटीला आठवीत घालायची," ती म्हणाली, आणि रीळ मागच्या बाईच्या हातात दिलं.