एफवरून येणारे शब्द

बाळांनो, हे आत्ताच लिहायला बसले, कारण परवा तुमच्या बाबाने दिवाळीचं इकडे येणं पुढे ढकललं. फोनवर म्हणाला, "आई, तू बोलताना अडखळतेस म्हणून मी उगाच घाबरलो होतो. शब्दांच्या खेळात पोरांना दर वेळी हरवतेस, मग तुला काय झालंय?" मी "काही नाही" म्हणाले आणि फोन ठेवला. ते खोटं होतं. खेळातले शब्द माझे नव्हते.

फोनवरचा तो खेळ तुम्हीच मला लावून दिलात. सात अक्षरं हातात येतात, पटावरच्या शब्दांना जोडून नवा इंग्रजी शब्द करायचा. मला हे नवं नव्हतं. इथे गुजराती मुलखात, नवागामच्या या घरात, पुढच्या खोलीत मी वीस-बावीस वर्षं इंग्रजीच्या शिकवण्या घेतल्या. येणारी मुलं बहुतेक कापडाच्या लूमवर काम करणाऱ्यांची, कुणी आपल्या खानदेशातली, कुणी मराठवाड्यातली. शेवटची दहा मिनिटं मी फळ्यावर एक अक्षर लिहायची आणि ते ज्यात आहे असा शब्द प्रत्येकाकडून घ्यायची. झेड आला की सगळे गप्प. एकदा मीच म्हटलं, "अरे, तुमच्या घरात आहे की! साडीची जरी."

एक मुलगी उसळली, "मॅडम, जरी तो जे से होती है! आमच्या गल्लीतल्या पाटीवर जे आहे."

मी डिक्शनरी उघडून झेड दाखवला.

"मग पाटीवाला ठोठ आहे, एकदम ढ," ती म्हणाली.

मी हसले, पण माझं ठरलेलं वाक्य ऐकवलंच: स्पेलिंग कानाने लिहू नका, डोळ्याने लिहा.

सापडलेले शब्द मी वहीत अक्षरवार उतरवायची. क्यू असून यू नसलेले एका पानावर, एक्सने संपणारे दुसऱ्यावर. तुमचे आजोबा होते तेव्हा पलसाण्याच्या डाइंगमधून, कापड रंगवून निळ्या झालेल्या हातांनी घरी यायचे, वहीकडे बघून अहिराणीत चिडवायचे, "कितला शब्द गोया करशी? त्या रांधता येतस का?" मी वही मिटून भाकरी थापायला उठायची.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी माझी पाळी होती. समोर सात सोपी अक्षरं. एकेक अक्षर ओळखत होते, पण त्यांचा शब्द होईना. अर्धा तास गेला. मग तुम्ही कधीतरी बोललेलं आठवलं, की इंटरनेटवर अक्षरं टाकली की त्यांचे शब्द काढून देणारी पानं असतात. फक्त बघावं म्हणून उघडलं. शब्दांची रांगच आली. त्यातला सर्वांत लांब शब्द मी लावला. तुमचा लगेच निरोप आला, "आजी, भारी!" मला आनंद झाला, तो लपवत नाही. त्यानंतर प्रत्येक पाळीला मी ते पान उघडलं.

पुढे घरातल्या वस्तूंची नावंही सुटायला लागली. झारा हवा असला की मी "ते भोकांचं" म्हणायची. शेजारीण परभणीकडची. तिने दोन-तीनदा ऐकलं आणि मला धरून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर तरुण, गुजराती. म्हणाले, "बा, एका मिनिटात 'क'वरून येतील तेवढे शब्द बोला." मी ताठ बसून सांगितलं, "मी इंग्रजीची बी.ए. आहे. इंग्रजीत विचारा." त्यांनी हसून एफ दिला.

"फॅन," मी म्हणाले. "फिश. फादर." मग काहीच येईना. घड्याळाचा काटा बघत राहिले. "फोटो," मी म्हणाले. "फोन. फिजिक्स."

डॉक्टरांचं पेन थांबलं. "बा, फोटो तो 'पी'थी आवे ने?"

"अवो डॉक्टर, फोटो फचाच असतोय की!" शेजारीण भांडायलाच उठली. "काकू मास्तरीण हायत. तुम्हालाबी शिकवतील."

तिच्या कानाला ते बरोबरच होतं. मी मात्र तिला हाताला धरून खाली बसवलं. फोटोला एफ लावायची जी चूक मुलांच्या वह्यांत मी आयुष्यभर लाल शाईने गोल केली, ती मीच केली होती, आणि दुसऱ्याने सांगेपर्यंत मला कळली नव्हती.

डॉक्टरांनी आणखी तपासण्या लिहून दिल्या आणि घरच्या कुणाला तरी बरोबर आणायला सांगितलं. ती चिठ्ठी मी दवाखान्याच्या फायलीत तारखेप्रमाणे नीट लावली आणि दोन महिने कुणाला दाखवली नाही. बाबाला कळलं तर तो हे घर बंद करून मला तिकडे नेईल, असं वाटायचं. तुमच्याशी हरले तर त्याला संशय येईल, म्हणून जिंकत राहिले.

काल त्याला फोन करून सगळं सांगितलं. त्याने डॉक्टरांची चिठ्ठी वाचून दाखवायला सांगितली. मग म्हणाला, "मी तिकीट काढतो. तोवर गॅस बघून बंद करत जा." पुढे काय ठरेल माहीत नाही. मला भीती वाटते. पण खेळातलं तुम्हाला मी स्वतः सांगायला हवं होतं. उन्हाळ्यापासूनचे सगळे डाव तुमचे धरा.

आजची पाळी मी ते पान न उघडता खेळले. सकाळभर बसून तीन अक्षरी शब्द लावला. यापुढे माझ्याकडून असेच शब्द येतील, कधी तेही येणार नाहीत. तुम्ही तुमची पाळी थांबवू नका, आणि मला मुद्दाम जिंकवूही नका.

मराठी अजून आपली आपण येते. एवढं लिहिताना दोनदाच अडले. अक्षर दिलं तर त्याचा इंग्रजी शब्द आता आठवेलच असं नाही. पण लिहिलेला शब्द समोर आला तर मी तो वाचते, त्याचा अर्थ सांगते, आणि स्पेलिंग चुकलेलं असेल तर ते मला दिसतं.