एकूण वेळ आणि पारोळ्याचा चहा

कोणी वाचलंच तर आधी माफी मागते. ऱ्हस्व-दीर्घ माझं चौथीतच सुटलं, आणि अक्षर तर दुसऱ्या दिवशी माझं मलाच लागत नाही.

आमचे हे यावलला केळीचे घड ट्रकमध्ये भरतात. रुंद खांदे, मांड्या खांबासारख्या. आसपासच्या यात्रांत सायकलची शर्यत असली की हेच पहिले. सपाट रस्ता, खड्डे, धूळ आणि शेवटी एकच जोर. बक्षिसाचे हंडे घरात इतके झाले, की पाणी कमी आणि हंडे जास्त.

मग चार दिवसांची शर्यत निघाली. धुळ्याहून जळगाव, पुढं जामनेर, तिथून यावल, आणि चौथ्या दिवशी सातपुड्याचा चढ. माझे जेठ, म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ, आमचे नाना, एसटीत कंडक्टर होते. आता मोबाइलवर परदेशातल्या सायकल शर्यती बघतात.

"तिकडंही दोन जाती," नाना म्हणाले. "दगडी रस्त्यावर एका दिवसात जिंकतात ते पहिलवान. तीन आठवडे डोंगर चढून जिंकतात त्या चिमण्या. पहिलवानाची चिमणी होते का, हाच तिकडचा मोठा वाद!"

"होते का?" ह्यांनी विचारलं.

"वजन उतरव, मग सांगतो."

गिअरची सायकल लागणार होती. भिशी चालवणाऱ्या अक्कांकडून मी पैसे उचलले. मला मुळात चारचौघींत बोलता येत नाही. आता तर अंगावर उधारी, म्हणून अक्कांच्या ओट्यावर बायका दिसल्या की मी मागच्या गल्लीनं जायची.

नानांनी भाकरी बंद केली, वरण-बट्टी बंद केली. दोन्ही वेळा उकडलेला दुधी. ह्यांचा शर्ट दोरीवर वाळत घातल्यासारखा अंगावर लोंबायला लागला. मुकादम म्हणाला, "भाऊ, तुम्ही घड उचलता का घड तुम्हाले?"

शर्यतीचा नियम नानांनी वाचून दाखवला, "चारही दिवसांचा एकूण वेळ मोजून नंबर काढणार." आम्ही दोघांनी मान डोलावली. जन्मभर रोजंदारी केलेली माणसं आम्ही. ज्याचा वेळ जास्त, त्याचे पैसे जास्त.

"म्हणजे घाई करायची नाही," हे म्हणाले.

"मुळीच नाही," मी म्हटलं. एवढा वेळ बाहेर राहायचं तर भूक लागणार, म्हणून नानांना न सांगता डब्यात बट्टीही दिली.

पहिल्या दिवशी जळगावला बाकीचे पोचले, आंघोळी केल्या, जेवले. त्यानंतर हे आले, हसत हसत. पारोळ्याला दोनदा चहा, एरंडोलच्या पुढं लिंबाखाली झोप.

"नाना, माझ्याइतका वेळ कोणाचाच नाही!"

नाना रस्त्यातच खाली बसले. "अरे बाबा, कमी वेळवाला जिंकतो!"

"मग तसं लिहायचं ना! एकूण म्हटलं की माणूस गोळा करणारच."

दुसऱ्या दिवशी जामनेरपर्यंत ह्यांनी रागानं एकाही चहाच्या टपरीकडं बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी यावलपर्यंत सपाट, उखडलेला रस्ता आणि समोरून वारा. तो सगळा राग ह्यांनी पायात घातला. पहिले आले, आणि मागं वळून बघितलं तर रस्त्यावर फक्त एक बैलगाडी. त्या दिवसाचं बक्षीस वेगळं होतं. अक्कांचे निम्मे पैसे तिथंच सुटले.

चौथ्या दिवशी चढावर कॉलेजची काडीसारखी पोरं "काका, बाजूला" म्हणत एकेक करून पुढं गेली. हमाल मंडळी ओरडत होती, "घड समजून उचला, भाऊ!"

नानांनी हिशेब केला. "चहा, झोप, बट्टी, सगळं वजा केलं तरी तू सोळावा."

"म्हणजे पहिलवानाची चिमणी होत नाही?"

"होईलही. पण मग घड कोण उचलणार?"

त्या संध्याकाळी ह्यांनी भाकरी मागितली, आणि मागतच राहिले. अंग भरलं, ट्रक भरायला लागले. गिअरची सायकल त्याच काडीसारख्या पोरांपैकी एकानं घेतली. वर मजुरीतले थोडे घातले आणि मी पुढच्या गल्लीनं अक्कांकडं गेले. ओट्यावर सगळ्या बसलेल्या.

"काय वं, तुना नवरा चहा पेवाले आमले कधी बलावस?" एकीनं विचारलं, आणि सगळ्या हसल्या. मीसुद्धा हसले.

अक्का धुळ्याकडच्या. त्यांनी बोट ओलं करून नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या आणि कमरेच्या पिशवीत ठेवल्या.

"बठ्ठा शे," त्या म्हणाल्या, म्हणजे सगळे आले. "एक रुपया बी बाकी नही."