मिलिंदच्या चाकूची क्लिप

आमची चौकी सीमेवरच्या एका उघड्या धारेवर होती. समोरच्या डोंगरावर त्यांची. मध्ये दरी. वर माणसं कमी, त्यामुळे एकमेकांना नावाऐवजी गावानं हाका. मी चौसाळा. माझा बडी, म्हणजे जोडीदार, मिलिंद, तो चकलांबा. दोघंही बीडचे.

गस्तीला निघण्याआधी बडी चेक व्हायचा. जागेवर दोन उड्या मारायच्या, आवाज येतो का ऐकायचं. मग एकमेकांच्या अंगावर काही चमकतं का बघायचं. बक्कल, घड्याळ, सगळं. मिलिंदच्या खिशाला घडीचा चाकू असायचा आणि बाहेर दिसायची ती फक्त त्याची क्लिप. कापडावर घासून तिचा काळा रंग उडायचा, खालचं पोलाद पांढरं पडायचं. मिलिंद स्क्रू काढून ती सुटी करायचा, बारीक पॉलिश पेपरनं घासायचा, स्पिरिटनं पुसायचा आणि मॅट काळ्या रंगाचे दोन पातळ हात द्यायचा. मग बुखारीच्या धगीपासून लांब दोऱ्याला टांगायचा.

"शेगडीवर धर की बे, लवकर वाळंल," मी म्हणायचो.

"अन् तापून ताण गेला म्हंजी? खिसा धरंल का मग ती? तू आपले दात रंगव. लई चमकतेत."

एका सकाळी मिलिंद पाण्यासाठी बर्फ भरायला मोर्च्याबाहेर गेला. एकच गोळी आली. क्लिप काळीच होती, अंगावर काहीही चमकत नव्हतं. दरीपलीकडे कोणीतरी दुर्बिणीला डोळा लावून, श्वास रोखून वाट बघत बसला होता. मी मिलिंदला ओढून आत आणलं. 

मिलिंद तिरंग्यात गुंडाळून खाली गेला. चाकू माझ्याकडे राहिला.

गोळी झाडणारा जागा बदलत होता. पुढचे काही दिवस तो अधूनमधून एखादी गोळी टाकायचा, कुठून ते कळायचं नाही. मी सुभेदार साहेबांकडे गेलो. ते साताऱ्याकडचे, कमी बोलणारे.

"डोकं गरम असेल तर खाली जा. थंड असेल तर बोल."

"थंड आहे, साहेब."

मी बेत सांगितला. त्यांनी माझ्या हातातली क्लिप घेऊन अंगठ्यानं घासून पाहिली.

"एकदाच. आणि तुझं टाळकं वर दिसलं तर मीच गोळी घालीन."

मिलिंदनं दिलेला रंग मी घासून काढला. आधी जाड पेपर, मग बारीक, शेवटी कापड आणि टूथपेस्ट. क्लिप आरशासारखी झाली. घासताना मी रडलो नाही. मला तो माणूस हवा होता.

ऊन समोरून येईपर्यंत थांबलो. क्लिप काठीला बांधली आणि वाळूच्या पोत्यांवरून हळूहळू सरकवली, कोणी दुर्बीण फिरवत असल्यासारखी. थांबवली. परत सरकवली.

गोळी आली. पोतं फुटलं.

सेटवर टेहळणीवाला बोलला, "त्याचा फ्लॅश दिसला. उजवा सुळका, दोन बोटं खाली. ओव्हर."

"एमएमजी, फायर," सुभेदार साहेबांचा हुकूम.

मशीनगन बराच वेळ चालली. मग सेटवर आवाज आला, "टार्गेट डाउन. दोन माणसं त्याला ओढत नेतायत. ओव्हर."

त्या दिवशी मी पोटभर जेवलो. लोकांना हे ऐकवत नाही. त्यांना आमच्या तोंडून क्षमेच्या गोष्टी हव्या असतात. माझ्याकडे तशी गोष्ट नाही.

पुढे गुडघा गेला आणि मी घरी आलो. पहिल्यांदा चकलांब्याला मिलिंदच्या घरी गेलो तो काळा रंग, ब्रश, पॉलिश पेपर पिशवीत घेऊन. मिलिंदनं ठेवली होती तशी क्लिप करून द्यायची, एवढंच ठरवलं होतं. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, त्यांच्या शेजारी वर्दीतला मिलिंद. मी खाली बसून स्क्रू काढायला लागलो.

"अंत्यविधीला लई पुढारी आलते," त्याची आई म्हणाली. "ज्यांनी कधी आमच्या घरचं पाणी पेलं न्हाई, त्यांनी बी माईक धरला. माझं पोरगं कसं मोठं, ते समद्यांनी सांगितलं. मारणाऱ्याचं काय झालं, ते कोणीच सांगंना. तू तर तितं व्हतास."

"मेला, मावशी."

"कसा?"

मी सगळं सांगितलं.  मग तिनं क्लिप हातात घेतली, दारातल्या उजेडात धरली.

"ही चमकली म्हणून त्यो गावला?"

"हो."

"मग काळी करू नको."

"उघड्या पोलादाला गंज धरतो, मावशी."

"मग येत जा. पुसत जा."

मी रंगाचा डबा बंद केला. क्लिपवर तेलाचं बोट फिरवलं, स्क्रू आवळले. तिनं चाकू घेतला आणि मिलिंदच्या फोटोच्या चौकटीला अडकवला. ताण शाबूत होता. क्लिपनं चौकट घट्ट धरली.

अजूनही जातो. बोटांचे डाग पुसतो, तेल लावतो. दुपार कलली की ऊन दारातून थेट भिंतीवर येतं. क्लिप पेटल्यासारखी चमकते आणि तेवढा वेळ मिलिंदचा चेहरा नीट दिसत नाही. मावशी हातातलं काम ठेवून तिकडे बघत राहते. ऊन सरकलं की तो परत दिसायला लागतो, दात दाखवून हसणारा.