पत्त्यांवर बसलेली मतमाउली

इकडे ये गं, अशी जवळ बस. परवा मिस्सा सुटल्यावर चर्चच्या पायरीवर उभ्या उभ्या काय म्हणालीस मला? "आत्या, यांची शिफ्ट दर आठवड्याला बदलते, घरात रोझरी म्हणायची तरी कधी? आणि हल्ली यांची संगतही बरी नाही." म्हणालीस आणि पळालीस. भावाची लेक तू, आणि शिफ्टचं कारण मला सांगतेस? अगं, तुझा जन्म व्हायचा होता तेव्हापासून कंपनीचा भोंगा माझ्या कानात आहे. रागवत नाही मी. माझ्या सासूबाईंचं सांगते, ऐक.

लग्न होऊन मी पिंपरीला आले तेव्हा रेल्वेच्या रुळांजवळ एका खोलीत आमचं बिऱ्हाड. हे कंपनीत लेथ मशीनवर, आणि सासूबाई नगरकडच्या खेड्यातून मुलाबरोबर आलेल्या. गावी त्यांचा दिवस देवळाच्या घंटेवर चालायचा. इथं देऊळ लांब, घंटा ऐकू येईना, तर त्यांनी कंपनीचा भोंगाच घंटा म्हणून धरला. भोंगा झाला की पिठाचे हात तसेच, कपाळावर क्रुसाची खूण. शेजारणी हसायच्या, "आजी, तो जेवणाच्या सुट्टीचा हाय!" त्या म्हणायच्या, "असू दे की. तुमाला जेवायला बोलावतो, मला बी बोलावतो."

रोझरीची माळसुद्धा यांच्या शिफ्टप्रमाणे. पहिली शिफ्ट असली तर दिवेलागणीला, दुसरी असली तर डबा भरायच्या आधी, रात्रपाळी असली तर सकाळी हे आल्या आल्या, मग झोपेनं डोळे मिटत असोत. आधी माळ, मग ताट. हा नियम त्यांनी कधी बोलून दाखवला नाही. नुसतं ताट वाढायच्या नाहीत.

मग एका वर्षी हे पहिल्या शिफ्टहून उशिरा यायला लागले. रुळांपलीकडे झाडाखाली पत्ते जमायचे, सोबत बाटली. माहेरी कधी कानावर न पडलेल्या शिव्या आमच्या घरात आल्या. थोरला माझा तेव्हा बोलायला शिकत होता. त्यानं त्यातली एक उचलली आणि हसत हसत मलाच दिली. म्हटलं, हा माणूस तर चाललाच, आता लेकरूही चाललं. सासूबाईंना म्हणाले, "तुम्ही त्यांना बोलत का नाही?"

"बोलले की त्याला भांडायला मिळंल. तेवढं बी देनार न्हाई मी."

आणि दाराकडे तोंड करून माळ हातात घेऊन बसायच्या. मला आणि लेकराला जेवायला लावायच्या, स्वतः उपाशी. हे आले की एवढंच, "आलास? चल, बस." यांना ते टोचायला लागलं. मग तोडगा काय काढला, तर सुट्टीच्या दिवशी अड्डाच घरी आणला. "आता तर घरी आहे ना मी?"

तो ऑक्टोबर होता. ऑक्टोबरात आपल्यात मतमाउलीची, मारियामातेची, मूर्ती घरोघर फिरते, एका घरी मुक्काम करते, दुसऱ्या दिवशी माणसं गात गात तिला पुढच्या घरी नेतात. त्या संध्याकाळी ती आमच्याकडे यायची होती. पण आदल्या घरच्या भाऊंना कंपनीनं ऐन वेळी ओव्हरटाइमला बोलावलं, म्हणून ते दुपारीच मूर्ती घेऊन निघाले. आणि इथं चटईवर डाव मांडलेला! हे, एक दापोडीचे दोस्त, बुद्धाला मानणारे, आणि एक चाकणकडचे, घरची कांद्याची शेती सोडून कंपनीत आलेले. दारात गाणं ऐकू आलं तसं यांनी चादर ओढली आणि पत्त्यांवर टाकली.

मला वाटलं, सासूबाई आता घर डोक्यावर घेतात. त्यांनी मूर्ती शांतपणे हातात घेतली, आणि आणून नेमकी त्या चादरीवर बसवली. टेबल तरी कुठं होतं म्हणा घरात! दोघं पाहुणे चपला शोधू लागले.

"बसा रं. पाव्हणी आली की उठून जात्यात व्हय? आन् ती पिशवीतली बाटली तेवढी भाईर ठिवा, तिचं न् पाव्हणीचं जमायचं न्हाई."

चाकणचे भाऊ म्हणाले, "आई, आमाला तुमचं काय येत न्हाई हो."

"गप बसता येतंय न्हवं? तेवढंच कर."

बसले बिचारे. अख्खी रोझरी बसले. "नमो मारिया" म्हणताना यांचा आवाज मधेच अडकायचा, सासूबाई तिथून उचलून घ्यायच्या. दापोडीचे भाऊ डोळे मिटून होते. निघताना म्हणाले, "माझी आई पण अशीच वंदनेला बसवते आम्हाला. लई दिवस झाले, टाळतोय मी."

मतमाउली एकदा बसली की निघेपर्यंत तिला हलवत नाहीत. म्हणजे पत्तेही अडकले! दुसऱ्या दिवशी हे कंपनीतून सरळ घरी. मूर्ती पुढच्या घरी गेली, सासूबाईंनी चादर उचलली, पत्ते गोळा केले आणि यांच्या हातात दिले. "घे, तुझं हायेत."

यांनी ते घेतले आणि बाजूला ठेवले. मग म्हणाले, "आई, तू जेवली नसशील अजून."

इतक्या महिन्यांत पहिल्यांदा विचारलं गं! पत्ते यांनी चाकणच्या भाऊंना देऊन टाकले. पुढं कधी पाय घसरलाच नाही असं म्हणणार नाही. पण माळेच्या वेळेला हे घरात असायचे. चाकणचे भाऊ कांदे घेऊन येत, रोझरी चालू असली तर उंबऱ्यात बसत आणि नंतर चिडवत, "आई, आज कशावर बसवली पाव्हणी?"

वाईट संगतीपासून दूर राहा, असं फादर प्रवचनात सांगतात, खरंच आहे ते. पण संगतच घरात येऊन बसली तर काय करायचं, ते मी या बाईकडे बघून शिकले. तिच्यासारखं मला काही जमलं नाही, पण माळ सुटली नाही.

यंदाही ऑक्टोबरात माउली आमच्याकडे यायची आहे. जावईबापूंना घेऊन ये, त्यांचे दोस्त असतील तर त्यांनाही आण. शिफ्ट कोणती ते आधी कळव, त्याप्रमाणे माळ धरू. आणि तेव्हाचीच वाट बघत बसू नकोस गं, त्याआधीही एकदा ये. लवकर ये.