काळा दोरा आणि माझी कात्री

सत्त्याण्णव सालच्या जुलैतली ती सकाळ आठवली, की अजून माझ्या तळहातांना घाम सुटतो. आज लिहूनच टाकते... इतकी वर्षं घरातही धड कुणाला सांगितलं नव्हतं.

मी साउथ ऑकलंडमधल्या एका हॉस्पिटलच्या लेबर वॉर्डमध्ये नर्स म्हणून नुकतीच लागले होते. नगरहून येऊन वर्षही झालं नव्हतं. आम्ही ख्रिस्ती, पप्पा गावात चर्चचे पाळक... त्यामुळे देवाधर्मातलं आपल्याला सगळं कळतं, असा माझा पक्का समज.

त्या दिवशी माझ्याकडे अल्माझ होती. इथिओपियाची, पहिलटकरीण, ओटाहुहूला राहायची. तिला इंग्लिश जेमतेम, मला तिच्या भाषेतलं अक्षर येत नव्हतं. नवरा ईस्ट टामाकीला फॅक्टरीत कामावर होता, त्याला निरोप गेला होता.

उशाशी तिने मरियेचं चित्र ठेवलं होतं. सावळी मरिया, मांडीवर सावळं बाळ, आणि दोघांचे ते भले मोठे डोळे... आमच्या घरच्या कॅलेंडरवरचा येशू गोरापान, निळ्या डोळ्यांचा. खरं सांगते, मला त्या चित्राची भीती वाटली. ट्रे ठेवायच्या निमित्ताने मी ते जरा भिंतीकडे वळवलं.

अकराच्या सुमारास बाळाचे ठोके उतरायला लागले. डॉक्टरांनी सीझर सांगितलं, लगेच. मला तिला तयार करायचं होतं... गाऊन, टोपी, अंगावरचे दागिने काढणं.

तिच्या गळ्यात एक काळा दोरा होता. त्यात लाकडाचा बारकासा क्रूसही होता, पण मला दिसला तो दोराच.

गावात बाप्तिस्मा द्यायच्या आधी पप्पा लोकांचे असले दोरे कापायचे. नजर लागू नये म्हणून बांधलेले, कुणा भगताने मंतरून दिलेले... प्रभूवर विश्वास ठेवलात ना, मग आता भीती कशाची, असं म्हणायचे. कात्री घेऊन शेजारी उभं राहायचं काम माझं होतं, आणि त्याचा मला केवढा तोरा!

दोऱ्याची गाठ काही सुटेना. मी कात्री घेतली आणि कच्चकन कापला. विचारलंसुद्धा नाही.

अल्माझ ओरडली नाही. तिने दोन्ही हात गळ्याला लावले, मग दोऱ्याची दोन्ही टोकं मुठीत धरली आणि पलंगाचा कठडा पकडून बसली. ऑपरेशन थिएटरची माणसं न्यायला आली, तर ती हलेना. नुसती मान हलवत होती... नाही, नाही, नाही.

मॉनिटरवर ठोके एकशे दहा... शंभर... आमची सिनियर शेरन शांतपणे म्हणाली, "व्हॉट हॅपन्ड, लव्ह?" माझ्यामुळे हे बाळ जाणार, एवढंच डोक्यात घुमत होतं.

तेवढ्यात तिचा नवरा दाविट धावत आला, फॅक्टरीच्या बुटांसकट. तिने मूठ उघडून दाखवली. तो तिच्याशी बोलला, मग माझ्याकडे वळला. रागावला असता तर बरं झालं असतं...

"सिस्टर, हा बाप्तिस्म्याचा दोरा आहे," तो इंग्लिशमध्ये म्हणाला. "आमच्यात मुलगी ऐंशी दिवसांची झाली की बांधतात. झिजला तर नवा घालतात, पण गळा मोकळा ठेवत नाहीत. ती विचारतेय, आज मी मेले तर देवाची आहे हे कशावरून कळेल?"

जो दोरा मी देवासाठी कापला, तो देवाचाच होता.

आणि मग आणखी काही आठवलं. ऑपरेशनआधी काढायला लागू नये म्हणून गोऱ्या बायकांच्या लग्नाच्या अंगठीवर मी रोज टेप लावायचे. ती कापायचं माझ्या कधी मनातही आलं नव्हतं. आणि माझ्या आईच्या गळ्यात काय होतं? काळ्या मण्यांत ओवलेला क्रूस... तो पप्पांनी कधी कापला नव्हता.

मी ट्रेमधून टाके घालायचा काळा रेशमी धागा घेतला. दोऱ्याची टोकं एकमेकांना पुरत नव्हती, म्हणून मध्ये तो जोडला. पहिली गाठ सुटली, पुन्हा मारली. मी पुढे झाले तशी अल्माझने मान मागे घेतली आणि नवऱ्याला काहीतरी विचारलं.

"ती विचारतेय, तुम्ही ख्रिस्ती आहात का?"

हो म्हणायची मला त्या दिवशी पहिल्यांदाच लाज वाटली. तरी म्हणाले... हो. तिने क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि मान खाली केली. मी दोरा बांधला, क्रूसावर टेप लावली. जाताना ते चित्र सरळ करून तिला दाखवलं आणि स्ट्रेचर दारातून बाहेर पडलं.

पुढची वीस मिनिटं मी स्लूस रूममध्ये, वॉर्डची भांडी धुवायच्या खोलीत, उभी राहून मराठीत प्रार्थना करत होते. काय म्हटलं ते आठवत नाही. शेरनने दार उघडून "गर्ल. बोथ फाइन," म्हटलं तेव्हा मी तिथेच बसले.

मी घडलेलं सगळं लिहून दिलं, बोलणी खाल्ली. खायलाच हवी होती.

ऐंशी दिवसांनी त्यांनी मला बाळाच्या बाप्तिस्म्याला बोलावलं. अवोन्डेलला भाड्याचा हॉल, पांढरी वस्त्रं, ढोल... आणि समोर तीच मरिया, मोठ्या डोळ्यांची. पाद्रींनी बाळाच्या गळ्यात दोरा बांधला. अल्माझच्या गळ्यात अजून तोच जुना होता, माझ्या रेशमी धाग्याच्या गाठींसकट.

बाळाच्या दोऱ्याची टोकं लांब राहिली होती, ती कापायची होती. अल्माझने गर्दीत मला शोधलं, पुढे बोलावलं आणि कात्री माझ्या हातात दिली.

त्या सकाळपेक्षा जास्त घाबरले होते मी... पण या वेळी कापायच्या आधी तिला विचारलं.