नाव बदललेल्या बाईचं खातं

जर्मनीतल्या बँकेतल्या पोरीनं माझा पासपोर्ट आणि नोकरीचा करार शेजारी-शेजारी ठेवला आणि विचारलं, यातल्या तुम्ही कोणत्या? पासपोर्टवर सासरचं नाव, करारावर माहेरचं, कारण करार माझ्या डी.एड.च्या सर्टिफिकेटवरून केलेला. खातं उघडलं नाही तर बालवाडीतली मदतनिसाची नोकरी दुसरीला जाणार, हे तिथल्या मुख्य बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. नवऱ्याला सुप्याच्या कारखान्यानं इकडे पाठवलं, तेव्हापासून मी त्याच्या कार्डावर भाजी आणत होते. मला माझं खातं पाहिजे होतं, बस्स.

"दोन्ही नावं एकाच बाईची आहेत, असं तुमच्या एम्बसीकडून लिहून आणा," ती म्हणाली.

आमच्यात नाव कसं बदलतात, हे तिला काय समजावणार? लग्नात तांदूळ पसरले, नवऱ्यानं अंगठीनं त्यात नणंदेनं निवडलेलं नाव लिहिलं, पेढे वाटले, झालं. माहेरची, कोल्हारची मी तिथंच संपले. मला कुणी विचारलंही नाही. आणि धाकट्या दिराचं लग्न ठरलं तेव्हा माझ्या जावेनं सुपारी फुटायच्या आधीच सांगून टाकलं, "माझं नाव बदलायचं नाही." मला वाटलं, सासूबाई आता हिला उभी चिरतील. कसलं काय. "आता जमाना बदललाय," म्हणाल्या आणि तिला तिच्या माहेरच्याच नावानं लाडानं हाका मारायला लागल्या. त्या दिवशी माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते अजून थांबलेलं नाही. खोटं कशाला बोलू, मी जळते तिच्यावर. तिची दहावी, तिचं आधार, तिचं पासबुक, सगळीकडे एकच बाई.

एम्बसीत खिडकीमागच्या साहेबांनी लग्नाचा दाखला मागितला. मी ऐटीत पुढे सरकवला. त्यांनी वाचला, परत वाचला आणि म्हणाले, "मॅडम, यात तुमचं माहेरचं नाव कुठाय?"

नव्हतंच. ग्रामपंचायतीत नोंद करताना सासऱ्यांनी वधूच्या रकान्यातही नवंच नाव सांगितलं होतं. सून आता याच नावाची, मग जुनं कशाला? म्हणजे कागदोपत्री लग्न झालं ते त्या नव्या नावाच्या बाईचं, आणि कोल्हारची पोरगी अजून बिनलग्नाची. साहेबांना हसू आलं, मला काही आलं नाही. ते म्हणाले, सासरच्या कुणाचं तरी प्रतिज्ञापत्र आणा, तुम्हाला दोन्ही नावांनी ओळखणाऱ्या माणसाचं.

सासरे गेलेले. राहिल्या सासूबाई, आणि त्यांना पारनेरला नोटरीकडे नेणार कोण? तीच, माझी जाऊ. फोन करायचं माझ्या जिवावर आलं होतं, पण ती लगेच म्हणाली, "नेते की ताई, उद्याच नेते." चांगलं वागते, हाही तिचा एक त्रासच आहे.

दुसऱ्या दिवशी तिनं नोटरीच्या टेबलापाशी बसूनच व्हिडिओ कॉल लावला. नोटरीनं सासूबाईंना विचारलं, "आजी, थोरल्या सूनबाईंचं लग्नाआधीचं नाव?" सासूबाईंनी पदर सावरला. मी समोर फोनवर दिसत असताना त्या जावेकडे वळल्या.

"काय हुतं गं हिचं?"

मी तोंड उघडलं, तेवढ्यात जावेनं सांगूनही टाकलं. बापाच्या नावासकट, आडनावासकट.

सासूबाईंनी सही केली, शिक्का पडला. एम्बसीला पाहिजे होता तो कागद तयार झाला, आता खातं उघडणार होतं, नोकरी वाचणार होती. मी तिचे आभार मानायला हवे होते. त्याऐवजी मी विचारलं, "तुला गं कसं माहीत?"

"तुमच्या रुखवतातल्या ताटावर अख्खं नाव कोरलंय की, ताई. आईवडिलांकडून सप्रेम भेट म्हणून. मी रोज त्यातच जेवते."

"ते घासून माळ्यावर ठेवून दे," मी म्हणाले. "मी येईपर्यंत कुणी वापरायचं नाही."

नोटरीसकट सगळे माझ्याकडे बघत राहिले. बघू देत. त्या घरात माझं नाव तेवढ्या एका जागी उरलं होतं, आणि त्यावरही तीच जेवत होती.