दत्तारामचा दुसरा नग

मंगळवारी सकाळी दत्तारामच्या सुजाताचा फोन आला. “काका, बाबा गेले,” एवढंच ती म्हणाली आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, “कोण म्हणालं?” मग डॉक्टर कोण होते, ईसीजी काढला होता का, त्याची पट्टी कुणी पाहिली, असं मी विचारतच सुटलो. पिंपळे सौदागरच्या घरात बाप गमावून बसलेली ती पोरगी रडत रडत माझ्या एकेका प्रश्नाचं उत्तर देत होती. शेवटी बायकोने माझ्या हातातून फोन काढून घेतला. मला लाज वाटली ती नंतर. त्या क्षणी मात्र कुठेतरी चूक सापडेल आणि ही बातमी परत पाठवता येईल, अशी मला खरोखरच आशा होती.

दत्ताराम देवगडकडचा, मी थेरगावचा. चाकणच्या एका कंपनीत आम्ही सत्तावीस वर्षं एका छपराखाली काढली. तो टूलरूममध्ये आणि मी आवक तपासणीला. बाहेरून आलेल्या मालावर बरा असेल तर हिरवं लेबल, बाद असेल तर लाल आणि शंका असेल तर पिवळं लावायचं, हे माझं काम. नमुन्याचे ठरावीक नग उचलायचे आणि त्यात एक जरी खराब निघाला, तरी अख्खा लॉट परत पाठवायचा. या धंद्याने माणसाचा स्वभाव बनतो की तसा स्वभाव असलेल्यालाच हा धंदा मिळतो, मला ठाऊक नाही. भाजीवालीकडच्या मेथीपासून जावयाच्या पगारापर्यंत मी सगळं उलटसुलट करून पाहतो. दत्तारामला याची गंमत वाटायची. चाळीस वर्षं घाटावर राहूनही चिडवताना तो हटकून मालवणीवर यायचा. “शंका काढल्याशिवाय तुका जेवाण पचना नाय,” असं डब्याला बसल्यावर दिवसाआड तरी ऐकवायचा.

निवृत्तीनंतर वर्षभरात त्याची बायको गेली आणि त्याने राजगुरुनगर रस्त्याला एक पत्र्याची शेड भाड्याने घेऊन शिडाची होडी बांधायला काढली. प्लायवूड, फायबर, सव्वीस फूट लांब. शेजारच्या वर्कशॉपमधली माणसं डोकावून हसायची. “आवो, हितं कुठं समुद्र हाय?” असं एक म्हातारा दर आठवड्याला विचारायचा आणि दत्ताराम दर आठवड्याला त्याला चहा पाजायचा. मी रविवारी सकाळी जायचो आणि त्याच्या कामातल्या चुका काढत बसायचो. समुद्रावर मला बरोबर न्यायचा त्याने एकदाच प्रयत्न केला होता. मालवणला मला मच्छीमारांच्या होडीत बसवलं आणि किनारा दिसत असतानाच मी आतडी बाहेर येतील इतका ओकलो. परतल्यावर तो एवढंच म्हणाला, “तू जमिनीवरच बरा.” ते मला लागलं होतं.

होडी रंगापर्यंत आली आणि रेडिओचा विषय निघाला. समुद्रावर दोन तऱ्हेचे रेडिओ चालतात, हे मलाही तेव्हाच कळलं. एक जवळचा, साधारण नजरेच्या टप्प्यापुरता. दुसरा लांब पल्ल्याचा. त्याच्या लहरी आभाळात वर जाऊन आपटतात आणि शेकडो किलोमीटर पलीकडे उतरतात. त्याला लांबलचक तार लागते, ती जुळवून घेणारी वेगळी पेटी लागते आणि बोलायला लागला की तो बॅटरी पिऊन टाकतो. दत्ताराम म्हणायचा की आपण किनारा धरून देवगड ते मालवण जाणार, फार तर गोव्यापर्यंत. त्याला जवळचा रेडिओ पुष्कळ होता. तरी हा गडी कॅटलॉग आणायचा ते लांब पल्ल्याचेच. मी एकेक कॅटलॉग घेऊन पाचर मारत होतो. पल्ला कोणत्या ऋतूतला, दिवसाचा की रात्रीचा, कुणी मोजला, कागद दाखवा. बॅटरीचं गणित मी त्याला तीनदा करून दाखवलं. सॅटेलाइट फोनचं विचारलं, तर म्हणाला, परवानगीचा व्याप आहे आणि फोन एकाच माणसाला ऐकू येतो, रेडिओ ज्याला कान आहे त्याला. या रेडिओवर बोलायला परवाना लागतो, म्हणून त्याने या वयात परीक्षासुद्धा दिली. इतका आटापिटा कशासाठी... माझ्या मनात पाल चुकचुकली ती तिथे.

मग एका रविवारी त्याच्या टेबलावर घडी घातलेला नकाशा दिसला. वर आलेल्या भागात नुसता समुद्र होता आणि त्या समुद्रातून, किनाऱ्यापासून बराच आत, पेन्सिलीने कंपासची कमान काढलेली होती. मालवणला जाणाऱ्या माणसाला एवढं आत काय काम? मी विचारलं, तर त्याने नकाशा ड्रॉवरमध्ये सरकवला. त्याच दिवशी रेडिओवाला विक्रेता सेट दाखवायला शेडवर आला होता. जाता जाता तो म्हणाला, “सर, दुसरा नगपण आलाय.” दत्तारामने त्याला डोळ्यांनी गप्प केलं. मी ते पाहिलं. आयुष्यभर तेच तर पाहत आलो होतो.

विक्रेता गेल्यावर मी विचारलं, दुसरा नग कसला? तो म्हणाला, काही नाही, कसलासा सुटा भाग. सत्तावीस वर्षांत हा माणूस माझ्याशी पहिल्यांदा खोटं बोलत होता आणि त्याला ते जमतही नव्हतं. माझ्या डोक्यात हिशेब पुरा झाला. बायको गेल्यापासून याचं इथे मन नाही. हा दूर निघालाय, बरोबर दुसरं कुणी आहे, आणि परत यायचा याचा इरादा नाही. सगळ्यांना सांगून जाईल, मला सोडून. खरं सांगायचं तर मला समुद्राची भीती नव्हती, तो जाईल याची होती. पण भीती वाटते म्हणायला जीभ रेटत नाही, आरोप करायला बरोबर रेटते.

“तू परत यायचा नाहीस,” मी म्हणालो. “निदान तोंडावर तरी सांग.”

त्याने हातातल्या पॉलिश पेपरची घडी घातली. मग म्हणाला, “बाळू, एक महिना थांब. सगळा कळतला तुका.”

मी थांबलो नाही. एक नग खराब निघाला होता, मी लॉट परत केला. पुढचे पाच रविवार शेडवर गेलो नाही. त्याचे दोन फोन आले, ते उचलले नाहीत. सहावा रविवार यायच्या आधी तो मंगळवार आला.

तेराव्यानंतर सुजाता थेरगावला घरी आली ती एक खोका आणि तो नकाशा घेऊन. “बाबांनी ठेवलं होतं. म्हणाले होते, काका शेडवर आले की त्यांच्याच हातात द्यायचं,” ती म्हणाली. मी आधी नकाशा उलगडला. पूर्ण उलगडल्यावर दिसलं की ती कमान म्हणजे एका मोठ्या वर्तुळाचा तुकडा होता आणि कंपासच्या टोकाचं भोक समुद्रात नव्हतं. ते थेरगाववर होतं. होडी जिथवर जाईल तिथून माझ्या घरापर्यंतचं अंतर त्याने मोजलं होतं. मध्ये सह्याद्री आडवा, जवळचा रेडिओ तो ओलांडू शकत नव्हता. म्हणून लांब पल्ल्याचा. बॅटरीचं गणित मी तीनदा करून दाखवलं आणि त्याने तीनदा ऐकून घेतलं... एकदाही म्हणाला नाही की अरे, हे तुझ्यासाठीच चाललंय.

खोक्यात फक्त ऐकता येईल असा रेडिओ होता, बोलण्याची सोय नसलेला. एकदा तरी मला मध्येच शंका काढता येणार नाही, याची त्याने व्यवस्था केली होती. मी रडता रडता हसलो. आणि रेडिओला सुतळीने बांधलेलं, आमच्या कंपनीतलं जुनं पिवळं लेबल होतं. त्याच्या टूलरूमवाल्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: वस्तू – रिसीव्हर. नग – एक. ठिकाण – बाळूची गच्ची. अडवून ठेवण्याचं कारण – तपासणारा रुसला आहे.

गच्चीवर पाण्याच्या टाकीपासून जिन्याच्या खोलीपर्यंत मी तार ओढली आहे. होडी अजून शेडमध्येच आहे, तिच्यातला रेडिओ कुणी सुरूही केलेला नाही, हे मला ठाऊक आहे. तरी रविवारी सकाळी, पूर्वी शेडवर जायला निघायचो त्या वेळेला, मी वर जाऊन बसतो. बहुतेक वेळा नुसती खरखर असते. कधी कुठल्या तरी जहाजावरची माणसं न कळणाऱ्या भाषेत बोलतात. बायको चहा घेऊन येते आणि विचारते, “लागलं का काही?” मी म्हणतो, “न्हाई अजून.” रेडिओ चांगला आहे, सगळं तपासून पाहिलं, नाव ठेवायला जागा नाही. हिरवं लेबल खिशात असतं. पण ते लावायचं तर आधी पिवळं काढावं लागेल, म्हणून तसाच बसून राहतो.